गुलाल लागलेल्या माश्या

माशीचं डोकं नखाने फोडता येतं. आम्हाला चिमटा दिला होता, भिंग दिलं होतं, काचपट्ट्यांचा खोका दिला होता. पण एकदा सवय लागली की चिमटा शोधत कोण बसतंय? गेल्या पाच वर्षांत काही हजार डोकी मी अंगठ्याच्या नखाखाली फोडली असतील. माझी धाकटी जाऊ रसिका मला स्वयंपाकाला हातच लावू द्यायची नाही. "अक्का, आधी हात धुवा. साबणाने. आता पुन्हा धुवा."

मी दर्शना शिरधनकर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माडवेलीत राहते आणि फळमाशी केंद्रात मोजणीचं काम करते. शाळेत शास्त्र विषयात मला पस्तीस मार्क होते, तेही मास्तरांच्या कृपेने. त्यामुळे मी शास्त्र सांगायला लागले की हसू नका. जे येतं ते माश्यांकडूनच शिकलेय.

फळमाशी दिसायला अगदी गरीब. तपकिरी अंग, पिवळे पट्टे, काचेसारखे पंख. पण तिची मादी तयार होत आलेल्या आंब्याच्या सालीत मागचं टोक खुपसते आणि आत अंडी घालते. वरून बघाल तर फळ दृष्ट काढावी असं. आठ दिवसांनी कापा, गरात पांढऱ्या अळ्या वळवळत असतात. परदेशी बंदरावर एका पेटीत अशी एक अळी सापडली की ते लोक पुढचं काही ऐकून घेत नाहीत. माल तर जातोच, ज्या मुलखातून तो आला त्या मुलखाचं नावच यादीतून काढून टाकतात.

पूर्वी यावर एकच औषध होतं, फवारा. मग माशी फवाऱ्यालाही दाद देईना आणि फवारलेला आंबा तिकडे कुणी घेईना. तेव्हा घाटावर माश्यांचा कारखाना निघाला. होय, कारखानाच! तिथे माश्या मारत नाहीत, वाढवतात. आठवड्याला चार-पाच कोटी. त्या जातीत एक सोय करून ठेवलीय: मादीचा कोष पांढरा, नराचा तपकिरी. यंत्र पांढरे कोष वेचून टाकतं. उरलेल्या नरांच्या कोषांवर क्ष-किरण सोडतात. मग तो नर जगतो, उडतो, मादीच्या मागे लागतो, सगळं करतो, फक्त त्याच्या बीजात जीव राहत नाही. रानातली मादी बहुधा एकदाच जोडीदार करते. तो कारखान्यातला निघाला की तिची अंडी फुकट गेली. एका रानटी नरामागे आपले शंभर सोडत राहिलं की चार-पाच वर्षांत त्या भागातला रानटी वंशच बुडतो.

एवढं मला समजायला डॉ. बोंगाळे मॅडमचा अर्धा तास गेला. तनिष्का बोंगाळे, कोल्हापूरकडच्या, वय जेमतेम एकतीस, आणि सगळ्या योजनेच्या मुख्य शास्त्रज्ञ. हेच मला वाडीला समजावायला मात्र दीड वर्ष लागलं.

"नसबंदी केलेल्या माश्या?" देवळाच्या पारावर पुरुष मंडळी पोट धरधरून हसली. "अगो दर्शने, आपरेशन करतो कोण त्यांचं? नि टाके काढायला कधी नेतात?"

"हसा मेल्यांनो," मी म्हटलं. "आंबा किडला की माझ्या दारात येऊ नका."

सह्या घ्यायच्या होत्या. सदतीस गावांचा एक पट्टा आखला होता. त्यात कुणीही फवारायचं नाही, कारण फवाऱ्याने आपलेही नर मरणार. त्या सदतीस गावांत मी घसा बसेपर्यंत भाषणं ठोकली. आमच्या वाडीत सगळ्यांत शेवटी सही केली ती माझ्या दिराने, जयेंद्र भावजींनी. आमचे हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी भावजी आणि रसिका यांच्याबरोबरच राहते, आणि त्या घरात मला कुणी कधी पाहुणी म्हणून वागवलं नाही. आमची एकशे साठ कलमं आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाचा स्वभाव भावजींना पाठ आहे. सही करताना ते म्हणाले, "वैनी, त्या बोंगाळेबाईंना मी ओळखत नाही. तुम्ही सांगता म्हणून करतो."

आणि यंदा, पाचव्या वर्षी, पट्टा माशीमुक्त जाहीर होऊन पहिला माल थेट परदेशी जाणार होता. मधे दलाल नाही. पेट्यांवर छापून आलं होतं, 'शिरधनकर, माडवेली'. आजवर आमचा आंबा दुसऱ्याच्याच नावाने विकला गेला. सासऱ्यांची हयात त्यात गेली, आमच्या ह्यांचीही गेली. भावजींनी त्या कोऱ्या पेट्या पडवीत रचून ठेवल्या होत्या आणि येता-जाता त्यांच्यावरून हात फिरवायचे. रसिका म्हणायची, "माझ्यावरून कधी असा हात फिरवला नाही हो!" भावजी लाजायचे.

आता डोकं का फोडायचं ते सांगते. सापळ्यात सापडलेली माशी आपली की रानटी, हे कळायला हवं, नाहीतर आणखी किती सोडायच्या ते ठरवणार कसं? म्हणून कारखान्यात कोषांना एक तांबूस भुकटी फासतात. जांभळ्या दिव्याखाली ती निखाऱ्यासारखी चमकते. माशी कोषातून बाहेर येते तेव्हा कपाळातली एक इवलीशी पिशवी फुगवते, तिच्या जोराने कोषाचं झाकण फोडते आणि पिशवी परत आत ओढून घेते. तेव्हा थोडी भुकटीही आत जाते आणि मरेपर्यंत डोक्यातच राहते. अंगावरचा रंग झडतो, लागतो, काहीही होतं. डोक्यातला खोटं बोलत नाही. म्हणून मी चमकणाऱ्या माशीचंही डोकं फोडून बघायचे. मॅडम म्हणायच्या, "ताई, चमकली म्हणजे आपलीच. कशाला वेळ घालवता?" पण माझा स्वभावच तसा. गॅस बंद केला का, ते मी तीनदा बघते.

गेल्या वैशाखात यंत्र आलं. दुधाच्या किटलीएवढा डबा, आत नरांना ओढणारा वास, जांभळा दिवा आणि कॅमेरा. माशी आत शिरली की फोटो. चमकली तर आपली, नाही चमकली तर रानटी. आकडे थेट कारखान्यात जाणार. जिथे रानटी जास्त तिथे आपले नर सोडणाऱ्या ड्रोनच्या फेऱ्या वाढणार, जिथे रानटी नाहीत तिथल्या फेऱ्या दुसऱ्या गावाला मिळणार. कुणी कुणाला विचारायला नको. दसऱ्यापासून माघापर्यंत यंत्राने मोजलं आणि त्याच माश्या मी नखाने मोजल्या. शंभरात एखादीचा फरक. मॅडमनी माझी पाठ थोपटली. "ताई, आता डोकी फोडणं बंद!" मी खूश. शिमग्याला मोकळी झाले.

आमच्याकडे शिमग्यात काम करणारा माणूस दाखवा, मी त्याला साष्टांग नमस्कार घालीन. मुंबईची माणसं येतात, देवाची पालखी घरोघर फिरते, पंधरा दिवस वाडीतला ढोल थांबत नाही. केंद्र सुरू झाल्यापासून दर शिमग्याला मी सापळे उतरवून माळ्यावर टाकायचे, कारण अंगणात पालखी नाचायला लागली की लटकता सापळा कुणाच्या तरी टाळक्यात बसतो. वहीत लिहायचे, 'सण. नोंद नाही.' मॅडमनी कधी विचारलं नाही. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. यंत्राचा मात्र हा पहिलाच शिमगा होता, आणि यंत्राला रजा नसते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या अंगणातला डबा पुसायला उघडला. मोबाईलवर आकडा होता: आपल्या एकेचाळीस, रानटी शून्य. दोन आठवडे शून्यच येत होतं, त्यामुळे ड्रोनच्या फेऱ्याही आठवड्याला तीनवरून एकावर आल्या होत्या. बरंय, म्हटलं. पण एवढ्या माश्या समोर बघून हात शिवशिवले. एक उचलली, कोठीच्या अंधाऱ्या खोलीत नेली, डोकं फोडलं आणि दिवा धरला.

आत रंग नव्हता.

दुसरी घेतली. नाही. तिसरीत होता, तेव्हा जीव भांड्यात पडला. चौथीत नाही. पाचवीत नाही. सगळ्या एकेचाळीस फोडल्या. रंग निघाला दहांत. एकतीस रानटी.

मग अंगावर चमकत होतं ते काय? मी बाहेर येऊन अंगणात उभी राहिले. समोर तुळशीवृंदावन गुलालाने माखलेलं होतं. पालखी दारात आली की आमच्याकडे पहिली मूठ तुळशीवर उधळतात. आणि फळमाशीच्या नराला तुळशीचं वेड. सापळ्यात जो वास घालतो तोच तुळशीच्या पानात असतो. सकाळच्या उन्हात हे नर तुळशीवर येऊन पानं चाटत बसतात, लहानपणापासून बघतोय आम्ही. मी चिमूटभर गुलाल कोठीत नेऊन दिव्याखाली धरला. बाजारातल्या स्वस्त गुलालात कसला रंग घालतात देव जाणे. तो हुबेहूब आमच्या भुकटीसारखा चमकला.

मी चार घरं फिरले. दर दारात तुळस, दर तुळशीवर गुलाल, दर डब्यात तेच. यंत्राला दसऱ्यापासून माघापर्यंतच्या माश्या दाखवल्या होत्या, फाल्गुनातली एकही नाही. कारण दर फाल्गुनात मी सापळे माळ्यावर टाकून फुगड्या घालत होते.

दुपारी जेवताना घरात सांगितलं. पानात कुळथाची पिठी होती, ती तशीच निवली. भावजींनी सगळं ऐकून घेतलं.

"आता काय होणार?" त्यांनी विचारलं.

"कळवलं तर मॅडम येऊन तपासतील. खरं निघालं की रानटी माशी सापडल्याच्या जागेपासून दीड किलोमीटरच्या आतलं सगळं फळ उतरवून पुरायचं. नियमच आहे तसा. आपण सही केलीय त्याच्यावर."

"सगळं?"

"सगळं. परसातलं रायवळसुद्धा."

"नि नाही कळवलं तर?"

"नऊ दिवसांनी माल जाईल. तिकडे एका पेटीत एक जरी अळी निघाली तर सदतीसही गावं तीन वर्षं बंद."

"नि नाही निघाली तर?"

मी पानातली पिठी कालवत राहिले. नाही निघाली तर काहीच नाही. गुलाल वाऱ्याने उडून जाईल, यंत्र आपोआप खरं सांगायला लागेल, ड्रोनच्या फेऱ्या वाढतील आणि मी काय पाहिलं ते कुणाला कधीच कळणार नाही.

"आपल्या बागेत आहेत का अळ्या?" भावजी म्हणाले.

"सापळ्यात नर येतात, भावजी. माद्या कुठल्या झाडावर बसल्या ते मला कसं कळणार? फळ कापल्याशिवाय कळत नाही, आणि चार फळं कापून बाकीच्यांचं कळत नाही."

"यंत्र काय म्हणतंय?"

"यंत्र म्हणतंय, एकही रानटी नाही."

"मग यंत्राचं ऐकूया की, वैनी. गेलं वर्षभर तुम्हीच सांगताय, यंत्राचं ऐका, यंत्राचं ऐका." ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. ते अजीजीने बोलत होते. "नऊ दिवस, वैनी. नऊ दिवस फक्त गप्प बसा."

रसिकाने भाताचं पातेलं आपटलं. "अक्का, आम्ही तुमच्या तोंडाकडे बघून सही केली. नाहीतर गेली पाच वर्षं फवारलं असतं, विकलं असतं, खाल्लं असतं सुखाने. तुम्ही केंद्राच्या की घरच्या, ते एकदा सांगून टाका."

दोन दिवस तसेच काढले. बागेत गेले की झाडं नजरेत भरत होती. असा बहर दहा वर्षांत आला नव्हता. भावजी फांद्यांना टेकू लावत होते, मला बघून हसायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. त्यांना वाटत होतं, वैनी गप्प आहेत म्हणजे ऐकलं वैनींनी. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन केला. सत्य, कर्तव्य असले मोठे शब्द मी वापरणार नाही. मला भीती वाटली, बस्स. खाडीपलीकडच्या गावांतली ती माणसं डोळ्यांपुढे यायची, सभेला मुलंबाळं घेऊन आलेली, माझ्यावर भरवसा ठेवून अंगठे उठवलेली. त्या बिचाऱ्यांकडे तर रानटी माशी नव्हतीही कदाचित. आमच्या एका पेटीपायी तीही बुडणार, आणि मला आधीपासून ठाऊक असणार. ते ओझं घेऊन जगायचा मला धीर झाला नाही.

मॅडमना आधी कळेचना. "ताई, होळी होऊन तर तीन आठवडे होत आले ना? रंग एका दिवसाचा असतो."

"अहो मॅडम, तुमच्याकडे एका दिवसाचा. आमच्याकडे देव पंधरा दिवस फिरतो."

"पण गुलाल तुळशीवर कशाला टाकतात?"

आता या बाईला काय सांगू? मी म्हटलं, "देवाला आवडतं म्हणून. तुम्ही या आधी."

दुसऱ्या दिवशी त्या दोन माणसं घेऊन आल्या. मला वाटलं होतं वाद घालतील, यंत्राची बाजू घेतील, म्हणजे मला भांडता तरी येईल. त्यांनी काही वाद घातला नाही. आमच्या कोठीत बसून स्वतः नव्वद डोकी फोडली, चष्मा काढला आणि डोळे चोळत बसून राहिल्या.

"मॅडम, आता भरपूर नर सोडले तर? रोज ड्रोन आणला तर?"

"आणणारच आहोत, ताई. पण ज्या माद्या आधीच रानटी नराशी जुळल्या त्यांना आता कितीही नर आणून दिले तरी उपयोग नाही. त्यांनी अंडी घातली असतील, नाहीतर घालत असतील."

"आणि यंत्र?"

"यंत्राला गुलाल ओळखायला शिकवू. ते फार अवघड नाही. आठवड्याचं काम आहे."

आठवड्याचं काम! मला इतका संताप आला की हातातला दिवा भिंतीवर आपटावासा वाटला. पण आपटून कुणाला लागणार होता? यंत्र चांगलं होतं. मॅडम चांगल्या होत्या. नियमही शहाण्यासुरत्या माणसांनी विचार करूनच केला होता, आणि तो मीच सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता.

मॅडम जाताना म्हणाल्या, "ताई, तुमच्यामुळे सदतीस गावं वाचली."

"छत्तीस," मी म्हटलं.

हुकूम दुसऱ्याच दिवशी आला. तीन दिवसांत फळ उतरवायचं. पारावर आता कुणी हसत नव्हतं. मी गेले की बोलणं थांबायचं, मी पुढे गेले की सुरू व्हायचं. घरात रसिका माझं ताट वाढायची, समोर ठेवायची आणि आत निघून जायची. भावजी तेवढे पहिल्यासारखेच बोलत होते, आणि तेच मला सोसवत नव्हतं.

मी मॅडमना एकच मागणं केलं. सुरुवात आमच्या बागेपासून करा. उद्या कुणी म्हणायला नको की दर्शनाने आपलं झाकलं आणि आमचं उघडं केलं.

सकाळी सात वाजता खालच्या कातळाच्या सड्याकडेला जेसीबीने खड्डा काढला. दोन पुरुष खोल, आमच्या ओटीएवढा लांब. चुन्याची पोती रचून ठेवली. भावजी झेला, आंबा काढायची जाळीची काठी, घेऊन झाडावर चढले. गडी होते हाताशी, पण त्यांनी कुणाला पहिल्या कलमाला हात लावू दिला नाही. मी खाली उभी राहून बघत होते. पुरायचाच आंबा, तरी एकेक देठासकट काढत होते, झेल्यातून अलगद काढून क्रेटमध्ये देठ खाली करून ठेवत होते, म्हणजे चीक सालीवर ओघळायला नको. गडी सरळ फांद्या हलवून पाडायला लागले तेव्हा वरून ओरडले, "हळू रे! मार लागेल."

गडी एकमेकांकडे बघायला लागले.

पुरण्याआधी प्रत्येक बागेतली शंभर फळं कापून बघायची, किती किडली ते नोंदवायचं, हेही नियमात होतं. मोजणीचं काम माझं. मॅडमनी विचारलं, "ताई, दुसऱ्या कुणाला बसवू का?" मी नको म्हटलं. कलमाखाली गोणपाट अंथरलं, वही घेतली, सुरी घेतली. भावजी येऊन समोर बसले. "मी कापतो. तुम्ही बघा," म्हणाले, आणि माझ्या हातातली सुरी त्यांनी काढून घेतली.

पहिला आंबा कापला. अजून हिरवटच होता, पण गर कोयीजवळ केशरी व्हायला लागला होता. स्वच्छ. मी दोन्ही फोडी उलटसुलट करून पाहिल्या, नखाने उकरून पाहिल्या. वहीत रेघ मारली.

दुसरा स्वच्छ. तिसरा, चौथा, दहावा स्वच्छ.

विसाव्या आंब्याला माझ्या मनात आलं, देवा, एक तरी अळी निघू दे. आणि मग ते थांबेचना. ज्या बागेने मला अकरा वर्षं पोसलं तिच्यात कीड निघावी म्हणून मी मनातल्या मनात पदर पसरत होते. एक अळी निघाली असती तरी मला म्हणता आलं असतं, बघा भावजी, मी बोलले म्हणून वाचलो. नाहीतर मी काय केलं होतं? चांगला, निरोगी, डाग नसलेला आंबा स्वतःच्या तोंडाने खड्ड्यात घातला होता. चाळीस झाले. साठ झाले. आमच्या पायांशी फोडींचा ढीग झाला. भावजी कापत होते, फोडी माझ्यापुढे सरकवत होते. मी वाकून वाकून बघत होते. एका फोडीत काहीतरी पांढरं दिसलं. मी झडप घातली. कोयीचा धागा होता.

भावजींनी ते पाहिलं. मी कशी झडप घातली ते पाहिलं, आणि धागा निघाल्यावर माझा चेहरा कसा झाला तेही पाहिलं. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं असावं. त्यांची सुरी थोडी थांबली. मग त्यांनी पुढचा आंबा उचलला.

शंभरावा कापला. मी वहीत लिहिलं, 'शंभरात किडकी शून्य.' माझं अक्षर मलाच लागेना. मॅडम मागे उभ्या होत्या, हळूच म्हणाल्या, "ताई, शंभरात शून्य म्हणजे अख्ख्या बागेत शून्य, असं नसतं. आणि असलं तरी नियम अंतरावर आहे, फळावर नाही. काही करता येत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. पाच वर्षं वाडीने हसून घेतलं तेव्हा रडले नव्हते, रसिकाने तोडून टाकलं तेव्हा रडले नव्हते. आता लहान पोरीसारखी हमसून हमसून रडायला लागले.

भावजी उठले. मला वाटलं निघाले, आणि मनात आलं की जाऊ देत, माझं तोंड बघायची सक्ती तरी कशाला. ते गेले ते क्रेटांच्या रांगेपाशी. एक भरलेला क्रेट उचलून आणला, आमच्या दोघांच्या मधे ठेवला आणि पुन्हा माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"नियम शंभराचाच आहे, भावजी," मी म्हटलं.

"असू दे." त्यांनी सुरी धोतराच्या सोग्याला पुसली आणि आंबा हातात घेतला. "अजून कापू. एखादी तरी निघेल, वैनी. निघेल. तुम्ही रडू नका."

खड्डा भरेपर्यंत आम्ही कापत होतो. मॅडमनी आम्हाला थांबवलं नाही. तीनशे बारा आंबे झाले. एकातही अळी निघाली नाही.